सीए फर्म आणि सीएसआर: या चुका टाळा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की फोन येतोच, "सर, सीएसआरचं तेवढं बघा ना." वर्षभर कुठे होता, बाबा?

आधी एक गैरसमज. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामावर खर्चणं, आणि ते सांगणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ फक्त कंपन्यांसाठी आहे. आदल्या वर्षी नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी ते लागू होतं. भागीदारीतल्या किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) सीए फर्मला नाही. आपली फर्म जे करते ती हौस, तिला "आमचे दोन टक्के" म्हणू नका.

आता माझी स्वतःची चूक. एका क्लायंटचे अकरा लाख खर्चायचे राहिले होते. ३० मार्चला ओळखीच्या ट्रस्टला पैसे पाठवायला मीच सांगितलं. ट्रस्टकडे आयकराची १२ए आणि ८०जी ही दोन्ही प्रमाणपत्रं होती, कामही चोख. ऑडिटला बसलो तेव्हा कळलं, सीएसआर-१ची, म्हणजे सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेने सरकारकडे करायची नोंदणीच नाही, आणि १ एप्रिल २०२१पासून ती सक्तीची. ट्रस्टने तोवर टाकी बांधायला काढली होती, पैसे परत कुठून मागणार? तो खर्च धरता येईना. मग न खर्चलेली रक्कम सरकारी निधीत भरायच्या मुदतीत, ३० सप्टेंबरच्या आत, कंपनीने आणखी अकरा लाख पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत भरले. शेठ काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. तेव्हापासून नोंदणी क्रमांक मी स्वतः तपासतो, आणि तोही जूनमध्ये, दोन टक्के ज्यावर मोजायचे तो कलम १९८चा नफा काढतो त्याच बैठकीत. "नंबर आहे सर, पाठवतो" यावर विश्वास नाही.

दुसरी चूक भल्या मनाने होते. एखाद्या संस्थेची कीर्द-खतावणी फर्म फुकट लिहून देते. हे उत्तमच, झाडं लावण्यापेक्षा आपल्याला जमणारं काम. पण वर्षाअखेरीस त्याच संस्थेच्या ऑडिटवर सही कुणाची? आपलीच! स्वतः लिहिलेल्या वह्या स्वतःच तपासायच्या? सही दुसऱ्या फर्मची घ्या.

किरकोळ: सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा होत नाही. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम सीएसआरमध्ये बसत नाही.

आणि रविवारी आर्टिकलना, म्हणजे फर्ममध्ये काम शिकणाऱ्या मुलांना, झाडं लावायला टेकडीवर नेऊन खड्डे खणायला लावण्याआधी मे महिन्यात पाणी कोण घालणार ते ठरवा. फोटोत फर्मचा बॅनर धरायचाच असेल, तर आधी सीए कायद्याची पहिली अनुसूची उघडून जाहिरातीचं कलम वाचा.