वाफ्याच्या फळ्या टोकांनाच कुजत होत्या

नेरुळला आमच्या रो-हाऊसमागे वांगी-मिरचीचे वाफे आहेत, कडेला पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, पाइनच्या फळ्या. न्हावा-शेवा बंदर जवळ, त्यामुळे जुनी पॅलेट्स भंगारवाल्याकडे मिळतात. शिक्का बघूनच घ्या: 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, भाजीजवळ नकोच.

पावसाळ्यानंतर फळ्यांचा मधला भाग ठणठणीत, पण कापलेल्या टोकात स्क्रूड्रायव्हर लोण्यात घुसावा तसा जात होता. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, पाणी तिथूनच जास्त शोषलं जातं.

कुजकं कापून टाकलं, फळ्या उन्हात कडकडीत वाळवल्या, 80 नंबरचा पॉलिश पेपर मारला आणि कच्चं जवसाचं तेल लावलं. दुकानदार म्हणाला, "डबल बॉइल्ड न्या, लवकर सुकतं." खरंय, पण त्यात सहसा सुकवणारी धातूंची संयुगं घातलेली असतात. कच्च्याला आठवडे लागतात, लागू देत. पातळ हात मारायचा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसायचं, नाहीतर चिकट राहतं. टोकांना मात्र पितील तितकं पाजलं. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

या तेलावर काळी बुरशी धरते, दिसायला वाईटच, ब्रशने घासायची. वाळवीवर त्याचा भरवसा नाही, म्हणून फळ्या थेट मातीत न रोवता खडीवर विटा मांडून बसवल्या. पुढचा हात एप्रिलमध्ये, म्हणजे जूनच्या आत सुकेल.