आईबाबांना अमेरिकेला बोलवायचंय? व्हिसाचं काम असं करा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईबाबा पुण्यात नाहीतर सांगलीत, आणि आता त्यांना एकदा तिकडे न्यायचंय. आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच काका-काकूंचे फॉर्म मी भरून दिलेत, त्यांच्याबरोबर मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटला पण गेलोय, आणि दरवेळी एकच गोष्ट सांगावी लागते, की हा व्हिसा आईबाबांचा आहे, मुलाचा नाही. मुलाचा पगार किती, घर केवढं, कंपनी कुठली, याच्यावर सगळी तयारी होते आणि आईला मात्र स्वतःच्या फॉर्ममधे काय लिहिलंय ते माहीतच नसतं. खिडकीपलीकडचा ऑफिसर तिलाच विचारणार आहे, म्हणून सगळं तिच्यासोबत बसून करायचं.

व्हिसाचा प्रकार बी१/बी२. फिरायला, नातेवाईकांना भेटायला, उपचाराला जायचं तर हाच. नोकरी करता येत नाही. भारतीय पासपोर्टवर तो साधारण १० वर्षांचा आणि कितीही वेळा जाता येईल असा मिळतो, त्यामुळे एकदा नीट मेहनत केली की पुढे बरीच वर्षं हा विषय काढावा लागत नाही.

सुरुवात डीएस-१६० या ऑनलाईन फॉर्मने. आईचा वेगळा, बाबांचा वेगळा. फॉर्म उघडल्यावर पहिल्यांदा जो ॲप्लिकेशन आयडी येतो तो लगेच वहीत लिहून ठेवा, सोबत सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर पण, कारण वीसेक मिनिटं काही केलं नाही की पान बंद होतं आणि मग आयडी नसेल तर पहिल्यापासून भरत बसा. प्रत्येक पानावर सेव्ह करत जा. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, दोन संध्याकाळी द्या.

आता नावाचं बघा, कारण आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच टाकायचं, म्हणजे सरनेमच्या जागी आडनाव आणि गिव्हन नेमच्या जागी जे छापलंय ते सगळं, मग त्यात नवऱ्याचं नाव असेल तर तेही. पुढे प्रश्न येतो की आधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का. आपल्या आयांच्या पिढीत लग्नात आडनाव तर बदललंच पण कितीतरी जणींचं पाळण्यातलं नावही बदललं. समजा माहेरची कुमुद जोशी सासरी सुनंदा कुलकर्णी झाली, तर इथे 'हो' म्हणून कुमुद जोशी लिहायचं. शाळेचा दाखला, जुनी बँकेची कागदपत्रं माहेरच्या नावाने असतात, ती कधी दाखवायची वेळ आली तर नाव जुळलं पाहिजे. आणि पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल (जुन्या लोकांच्या पासपोर्टवर असतं असं) तर पूर्ण नाव सरनेममधे जातं आणि गिव्हन नेममधे एफएनयू (FNU, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन') लिहायचं असतं.

आईला तिच्या आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. त्या पिढीच्या तारखा कुणाला माहीत असतात? अंदाजाने १ जून टाकू नका, 'माहीत नाही' असा पर्याय असतो तो निवडा. गेल्या ५ वर्षांत कुठे कुठे परदेशात गेलात ते विचारतात, दुबई, थायलंड, नेपाळ सगळं लिहा, जाऊन वेळेवर परत आलेले देश तुमच्या बाजूचेच असतात. सोशल मीडियाचं विचारतात, आईचं फेसबुक असेल तर ते लिहायचं, ती फक्त गुड मॉर्निंगचे फोटो टाकत असली तरी.

अमेरिकेत जवळचं कोणी आहे का, याला 'नाही' कधीच म्हणू नका. मुलगा आहे, तो कुठल्या व्हिसावर आहे की ग्रीन कार्डवर की सिटिझन, जे आहे ते. काही एजंट सांगतात लपवा म्हणून, अजिबात ऐकू नका. खोटी माहिती किंवा खोटा कागद सापडला तर नुसता व्हिसा नाकारत नाहीत, कायमची बंदी बसू शकते. अजून एक प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे कायमचं राहायला नेण्याचा अर्ज, दाखल केलंय का. मुलगा सिटिझन झालाय आणि त्याने आईबाबांच्या ग्रीन कार्डचा अर्ज आधीच टाकलाय, तर व्हिजिटर व्हिसा अवघड होतो, कारण परत येणार हे पटवणं कठीण जातं. म्हणून आधी घरात ठरवा, भेटीला यायचंय की राहायला यायचंय.

शेवटी विचारतात, फॉर्म भरायला कोणी मदत केली का. 'हो' म्हणा, मदत करणाऱ्याचं नाव टाका, त्यात काही कमीपणा नाही. पण सही म्हणून जे शेवटचं बटण दाबायचं असतं ते आईबाबांनी स्वतः दाबायचं, तसा नियमच आहे. दाबायच्या आधी सगळा फॉर्म मराठीत वाचून दाखवा, एकेक ओळ. मुलाने न्यू जर्सीत बसून रात्री भरला आणि सबमिट केला आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, असं नको. मुलाने फॉर्ममधे ६ महिने लिहिलेले असतात आणि आई खिडकीत सांगते "पंधरा दिवस", मग ऑफिसरने काय समजायचं?

फोटो २ इंच बाय २ इंच, मागे पांढरं, ६ महिन्यांच्या आतला, आणि चष्मा काढून. फोटोवाल्याला अमेरिकेचा व्हिसा म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर तो नेहमीचा पासपोर्ट साईझ काढून देतो.

मग यूएस व्हिसा शेड्युलिंगच्या अधिकृत साईटवर प्रोफाईल, फी, अपॉइंटमेंट. अर्जाची फी २०२३ च्या जूनपासून माणशी १८५ डॉलर आहे, रुपयांत भरायची, त्या दिवशी साईटवर जो आकडा दिसेल तोच धरा. व्हिसा मिळो न मिळो, ही फी परत मिळत नाही, आणि भरल्यापासून एका वर्षात अपॉइंटमेंट बुक करावी लागते. आईबाबांना एकाच प्रोफाईलमधे ग्रुप करून घ्या म्हणजे दोघं एकाच वेळी खिडकीशी उभे राहतील, वेगवेगळ्या दिवशी पाठवण्यात काही अर्थ नाही.

अपॉइंटमेंट दोन असतात. एक बायोमेट्रिकची, तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. दुसरी कॉन्सुलेटमधे मुलाखतीची. मुंबईचं कॉन्सुलेट बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधे आहे, जी ब्लॉकला, बायोमेट्रिकचं सेंटर पण बीकेसीतच. ठसे मुलाखतीच्या आधीच्या एखाद्या दिवशी द्यायचे असतात, त्यामुळे कोल्हापूर, नागपूरहून येणाऱ्यांनी लागोपाठचे दिवस मिळतात का बघा आणि मधे एक मुक्काम धरूनच निघा.

तारीख लांबची मिळाली तर घाबरून स्लॉट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुमचा पासवर्ड घेऊन ते दिवसभर लॉगिन करत राहतात आणि शेवटी अकाउंट लॉक होतं. जी मिळते ती तारीख घ्या, नंतर मधे मधे उघडून बघत राहा, लोक रद्द करतात तेव्हा अलीकडच्या तारखा सुटतात. पण तारीख बदलायची संधी मोजकीच असते, उगाच चार दिवस अलीकडे म्हणून बदलू नका. कोणी गंभीर आजारी असेल किंवा मयत असेल तर तातडीच्या अपॉइंटमेंटची सोय आहे, त्यासाठी आधी नेहमीची तारीख घ्यावी लागते आणि हॉस्पिटलचं पत्र वगैरे पुरावा लागतो.

ज्यांचा जुना व्हिसा होता त्यांच्यासाठी, सप्टेंबर २०२५ पासून नियम कडक झालेत. आधी ड्रॉपबॉक्सने, म्हणजे नुसते कागद जमा करून, बऱ्याच जणांचं मुलाखतीशिवाय व्हायचं. आता बी१/बी२ चा पूर्ण मुदतीचा जुना व्हिसा संपून १२ महिन्यांच्या आत असाल तरच ती सूट मिळू शकते, आणि ८० च्या पुढचे आजीआजोबा सुद्धा आता नुसत्या वयावर सुटत नाहीत. म्हणजे जुना व्हिसा संपायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि पासपोर्ट संपलाय पण त्यातला व्हिसा चालू आहे, तर नवीन व्हिसा लागत नाही, दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन जायचं.

कागद किती न्यायचे? सक्तीचे म्हणजे पासपोर्ट, जुने पासपोर्ट, डीएस-१६० चं बारकोडवालं पान, अपॉइंटमेंटचं पान आणि फोटो. बारकोडचा नंबर अपॉइंटमेंट घेताना टाकला होता तोच हवा, मधे दुसरा फॉर्म भरला असेल तर प्रोफाईलमधे नंबर बदलून घ्या. बाकी फाईल आपल्या समाधानासाठी आणि विचारलं तर देण्यासाठी: पेन्शनची ऑर्डर, बँक पासबुक, एफडी, इन्कम टॅक्सचे रिटर्न, सातबारा, घरपट्टीची पावती, आणि मुलाचे पासपोर्ट, व्हिसा आणि पे-स्लिपच्या कॉपी. बँकेत अमुक इतके लाख पाहिजेत असा काही आकडा नसतो, आणि मुलाखतीच्या आठवडाभर आधी चुलत्याकडून पाच लाख टाकून घेणं तर अजिबात नको. मुलाचं आमंत्रण पत्र लागतच नाही, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साईटवरच तसं लिहिलंय. बऱ्याचदा ऑफिसर एकही कागद मागत नाही, बोलण्यावरच ठरतं.

आता मुलाखत. अमेरिकेचा कायदा व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी 'हा राहायला येतोय' असंच धरतो, तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. नाकारतात तेव्हा कलम २१४(बी) लावतात ते यासाठीच. मग दाखवायचं काय, तर इथलं तुमचं आयुष्य, आणि ते दोन-तीन मिनिटांत.

मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. आईला इंग्रजी जेमतेम येत असेल तर तिने सरळ मराठीच घ्यावी, मोडक्या इंग्रजीत "येस येस" करण्यापेक्षा खूप बरं. विचारतात ते साधंच असतं. कशाला जाताय, मुलगा काय करतो, कुठे राहतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, तुम्ही काय करता, बाकीची मुलं कुठे, आधी कुठे गेलात. आमच्या ओळखीच्या एक बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, त्यांना विचारलं परत का येणार, तर त्या म्हणाल्या, "धाकटा मुलगा आणि सून माझ्याजवळच राहतात, पेन्शन आहे, दोन एकर ऊस आहे, डिसेंबरात तोड असते तेव्हा मला इथं असायला लागतं." पाठ केलेलं वाक्य नव्हतं, खरंच ऊस होता. तुमच्या आईचंही असं काहीतरी असतंच, भिशी असेल, सासूबाई असतील, दुकान असेल, ते तिच्याकडून काढून घ्या. उत्तरं पाठ करून घेऊ नका, फक्त दोन-चार वेळा घरात प्रश्न विचारून बोलायची सवय करून द्या, विचारलं तेवढंच सांगायचं आणि थांबायचं. बाबांना प्रश्न असेल तर बाबांनीच बोलायचं, आणि आईचं वाक्य बाबांनी पूर्ण करायचं नाही, ही सवय मात्र घरूनच मोडावी लागते.

नातवंडाचा विषय नाजूक आहे. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण आहे, बाळाला बघायला, चार दिवस मदतीला जातोय, हे खरं असेल तर खरं सांगा. पण पाळणाघर महाग म्हणून आधी तुमचे आईबाबा ६ महिने मग सासूसासरे ६ महिने, असं बेत करून बाळ सांभाळायलाच नेत असाल तर ऑफिसर त्याला काम समजू शकतो आणि नाकारू शकतो. मला विचाराल तर आईबाबांच्या दृष्टीने पण ते बरं नाही, बर्फात चार भिंतीत कोंडून राहतात बिचारे.

त्या दिवशी मोबाईल, स्मार्टवॉच, मोठी बॅग आत नेता येत नाही. सोबत जाणाऱ्याने सगळं स्वतःकडे ठेवायचं आणि बाहेर भेटायची जागा आधीच नक्की करायची, फोन नसताना म्हातारी माणसं बीकेसीत गोंधळून जातात. सकाळी पोटभर नाश्ता आणि बीपीची गोळी देऊनच पाठवा.

मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात, काही दिवसांनी परत मिळतो, तेव्हा व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर तिथेच तपासा. २२१(जी) चा कागद दिला तर घाबरू नका, म्हणजे काहीतरी कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे, त्यावर लिहिलंय तसं करा. २१४(बी) ने नाकारला तर अपील नसतं, पुन्हा फी भरून अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसताना लगेच पुढच्या महिन्यात तोच फॉर्म घेऊन जाण्यात पैसे जातात. पुढच्या अर्जात 'आधी नाकारलाय का' याला 'हो' लिहायचंच.

तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. व्हिसासाठी इन्शुरन्सची सक्ती नाही, तरी काढाच, आणि जुन्या शुगर-बीपीचं त्यात कितपत धरतात ते काढतानाच वाचा, तिकडचं हॉस्पिटलचं बिल मुलाचं वर्षाचं गणित बिघडवतं.

आणि एक, व्हिसा १० वर्षांचा म्हणजे १० वर्षं राहता येतं असं नाही. उतरल्यावर विमानतळावरचा ऑफिसर किती राहायचं ते ठरवतो, साधारण ६ महिने देतो, ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या ऑनलाईन नोंदीवर असते. घरी पोचल्यावर मुलाने साईटवर जाऊन दोघांची आय-९४ काढून बघावी, आईची आणि बाबांची तारीख वेगळी पण असू शकते. त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलात तरी व्हिसा रद्द धरला जातो. जास्त राहायचं खरं कारण असेल, समजा ऑपरेशन झालं, तर मुदत संपायच्या आत, शक्यतो दीड महिना आधी मुदत वाढवायचा आय-५३९ हा अर्ज टाकायचा, आणि त्याची पावती परत येताना आईबाबांच्या पर्समधे असू द्या.