सेकंडहँड रेकॉर्ड घेताना कव्हरवर जाऊ नका, तबकडी उजेडात धरा

रेकॉर्ड फेअरमध्ये सगळ्यात आधी भुरळ पडते ती कव्हरची. पण वाजणारेत त्या खाचा, म्हणून रेकॉर्ड बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. स्टॉलवाल्याला आधी विचारा, काढून बघू का म्हणून, चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून महागाचं काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धरताना फक्त कड आणि मधलं लेबल, खाचांना बोट लावायचं नाही. मग मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, सरळ वरून नको, तिरक्या उजेडातच सगळं दिसतं. केसासारख्या बारीक रेषा बऱ्याचदा वाजताना कळतही नाहीत, पण ज्या चऱ्याला नख अडकतं तो ऐकू येणारच. चरा खाचांना आडवा गेला असेल तर एलपीवर (मिनिटाला साधारण तेहेतीस फेऱ्यांनी फिरणारी मोठी रेकॉर्ड) दर फेरीला, म्हणजे साधारण पावणेदोन सेकंदांनी, टक टक येत राहतं. खाचांच्या दिशेनेच सरकत गेलेला चरा मात्र जास्त वाईट, तिथे सुई अडकते किंवा उडी मारते. धूळ आणि बोटांचे ठसे धुतले की जातात, त्यासाठी चांगली रेकॉर्ड सोडू नका, पण काळी चमक जाऊन खाचा राखाडी दिसायला लागल्या असतील तर ती जड किंवा झिजलेल्या सुईने खाल्लेली आहे, ती कितीही धुवा, तशीच राहणार.

आता मधलं भोक बघा, हे फार कमी लोक बघतात आणि खरं तर सगळ्यात प्रामाणिक माहिती इथेच मिळते. भोकाभोवती लेबलवर बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड पुष्कळ वेळा लावली गेलीये. नंतर डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीये का ते बघा, थोडीशी लाट चालते, कडेची झटकन वर उठलेली वाक मात्र नको.

लेबल आणि कव्हर जुळतंय का, डबल अल्बममध्ये दोन्ही तबकड्या आहेत का, हे बघायला दहा सेकंद लागतात. ओरिजिनल आहे असं सांगून जास्त पैसे मागितले तर शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेची ते ओळखायचा क्रमांक, डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या वेबसाइटवर ताडून बघा, नुसत्या कव्हरवरच्या सालावर जाऊ नका, रीइश्यूवरही (नंतर पुन्हा काढलेल्या रेकॉर्डवरही) जुनंच साल छापलेलं असू शकतं.

ग्रेडिंगचं, म्हणजे विक्रेते रेकॉर्डच्या अवस्थेला जो दर्जा लिहितात त्याचं, थोडक्यात सांगतो. व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) म्हणजे निर्धास्त ऐकता येईल अशी, साध्या व्हीजीत खरखर येणार, आणि गुड लिहिलं असेल तर नावावर जाऊ नका, ती बरीच खराब असते.

जड, जाड आणि पटकन फुटणारी मिळाली तर ती बहुतेक ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) लाखेची असणार, एलपी १९४८ मध्ये आली त्याच्या आधीपासूनची ही जात. तिला वेगळी, जाड सुई लागते आणि अल्कोहोलने पुसली तर लाख विरघळते, तेव्हा प्लेअरला ७८ची सोय नसेल तर घेऊ नका.

भाव करायचा असेल तर एकाच स्टॉलवरून तीन-चार घ्या आणि मग एकत्र विचारा, एकेकीवर घासाघीस करण्यापेक्षा हे दोघांनाही बरं पडतं. घरी नेताना उभ्याच ठेवा, आणि उन्हातल्या बंद गाडीत सोडून कुठे जेवायला जाऊ नका.