आपलं व्हॉट्सॲप दुसरं कोण वाचतंय, हे कसं बघायचं

कऱ्हाडात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. "मॅडम, बायकोचं व्हॉट्सॲप माझ्या फोनवर चालू करून द्या," म्हणत येणाऱ्यांना मी तसंच परत पाठवते, मग तो नवरा असो, भाऊ असो की सासू. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे लिहितेय ते स्क्रीनगार्ड बदलायच्या निमित्ताने येऊन हळूच विचारणाऱ्या बायकांसाठी: "ताई, माझे मेसेज घरी कळतात कसे?"

बहुतेक वेळा फोन कुणी हॅक केलेला नसतो. दोन मिनिटं हातात घेऊन, तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या उपकरणाला जोडणारा क्यूआर कोड स्कॅन केलेला असतो, बस. व्हॉट्सॲपमध्ये वर उजवीकडे तीन टिंबं दाबा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा (आयफोनवर ते सेटिंग्जमध्ये सापडेल). घरात कॉम्प्युटर नाही आणि तिथे 'गूगल क्रोम (विंडोज)', खाली 'शेवटचं ॲक्टिव्ह: आज पहाटे २:१०' असं दिसलं, तर वाचणारा कुणीतरी दुसरा आहे. अशी चार उपकरणं जोडता येतात. तुमचा फोन बंद असला तरी त्यांवर मेसेज जात राहतात. मुख्य फोन चौदा दिवसांहून जास्त वापरलाच नाही, तर ती आपोआप सुटतात. नवीन उपकरण जोडल्याची सूचना येते, पण ती बघण्याआधीच बाजूला सरकवलेली असू शकते. म्हणून सूचनेवर विसंबू नका, यादीच बघत जा.

त्या नावावर टॅप करून 'लॉग आउट' केलं की जोडणी तुटते. पण आधी फोनचा पॅटर्न बदला, आणि घरच्या कुणाचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदवलेलं असेल तर तेही काढा. उपकरण जोडताना फोन सहसा स्क्रीन लॉक मागतो. तो ज्याला ठाऊक आहे, तो संध्याकाळी पुन्हा जोडेल.

आणि घरात मारहाणीची भीती असेल, तर लॉग आउटची घाई करू नका, हे मी कळकळीने सांगते. तुम्ही तोडलंत की पलीकडच्याला लगेच कळतं. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनने त्या यादीचा फोटो काढून ठेवा, विश्वासातल्या माणसाला सांगा, दुसऱ्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनशी बोला. तोवर नाजूक बोलणं त्या फोनवर नकोच.

न मागता सहा आकडी कोड आला, तर कुणीतरी तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करायला बघतंय. तो कोड कुणालाही सांगायचा नाही, ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी नाही. सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' इथे पिन लावा. जन्मतारीख नको, ती घरात सगळ्यांना पाठ असते. ईमेलही जोडा, म्हणजे पिन विसरलात तर अडणार नाही. लॉक स्क्रीनवर एसएमएसचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर टेबलावर पडलेल्या लॉक केलेल्या फोनवरूनही कोड वाचता येतो. कोड फोन कॉलवरही मागवता येतो. कुणी तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील, तर तो तिकडेच जातो. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. तुमच्या फोनवरचं व्हॉट्सॲप अचानक लॉग आउट झालं, तर लगेच स्वतःच्या नंबरने पुन्हा नोंदणी करा, म्हणजे तिकडचं बंद पडतं.

टेलिग्रामची सोय मला जास्त पसंत आहे. नवीन लॉगिन झालं की कोणतं उपकरण, साधारण कुठून, हे चॅटमध्येच लिहून येतं. सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन बाकीच्या उपकरणांवरची लॉगिन एकदम बंद करता येतात. इन्स्टाग्रामवर अकाउंट्स सेंटरमधल्या 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'त कुठे कुठे लॉगिन आहे ते दिसतं.

लॉग आउटने आधी काढलेले स्क्रीनशॉट पुसले जात नाहीत. आणि यादी स्वच्छ असूनही बोलणं बाहेर जात असेल, तर फोनमध्येच पाळतीचं ॲप असू शकतं. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट'चं स्कॅन चालवा, मग सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त अनोळखी नाव चालू आहे का ते बघा. सापडलं तर काढण्याआधी त्याचाही फोटो घ्या. सायबर पोलिसांकडे तक्रार करताना तो लागेल.