नव्या वर्षात वचनात टिकायचंय? मग या चुका टाळा

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. साक्षी (देवाविषयीचे स्वतःचे अनुभव सांगणं) होतात, बाराचे ठोके पडतात, हस्तांदोलनं होतात, आणि कितीतरी जण मनापासून ठरवतात की या वर्षी रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं. त्यांच्या ठरवण्यात खोट नसते. तरीही लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होईपर्यंत बहुतेकांचं पवित्र शास्त्र परत कपाटावर गेलेलं असतं. तरुण संघाचा आणि बुधवारच्या शास्त्राभ्यासाचा वर्ग मी बरीच वर्षं घेतोय. चुका दरवर्षी त्याच होतात. त्यातल्या दोन फार नुकसान करतात, म्हणून त्यांच्यावर जरा सविस्तर लिहितो.

वचनाच्या कार्डावर वर्ष उभं करणं

वॉचनाईटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, ताटातून वचनाचं (शास्त्रातली एखादी ओळ लिहिलेलं) कार्ड उचलायची पद्धत आपल्या बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. माझा तिला विरोध नाही. कार्डावरची ओळ हीच देवाने मला या वर्षासाठी दिलेली हमी, असं धरून माणसं जे निर्णय घेतात, त्याला आहे.

आमच्या मंडळीतल्या एका मुलाला यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायाचं ११ वं वचन, आलं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अशा अर्थाचं ते वचन सगळ्यांना पाठ असतं. मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर होता. त्याने अर्थ लावला की या वर्षी आपण पर्मनंट होणार. त्यातच एका सभेत बाहेरून आलेल्या वक्त्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवून जूनपर्यंतची मुदतही सांगून टाकली. त्या भरवशावर पोराने कर्ज काढून घर बुक केलं. जून गेला. पुढे कंत्राटही संपलं. तो चर्चला यायचा थांबला. घरी गेलो तेव्हा म्हणाला, "काका, देवाने शब्द दिला होता ना मला?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. यिर्मयाचा २७ वा अध्याय उघडला आणि तिथून २९ व्याच्या शेवटापर्यंत आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचत गेलो. यहुदी लोक तेव्हा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाच्या हाताखाली होते, काहींना बंदिवान करून तिकडे नेलं होतं, आणि त्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलं होतं. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, बाबेलचं जू मोडलं. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो खरोखर काढून मोडतो. लोकांना ऐकायचं होतं तेच तो बोलला, आणि ते खोटं होतं. त्याच वर्षी सातव्या महिन्यात तो मेला. मग २९ व्या अध्यायात यिर्मयाचं बंदिवासातल्या लोकांना पत्र येतं: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. अकरावं वचन त्यानंतर येतं. सत्तर वर्षं मोजली तर ते पत्र ऐकणारा तिशीचा माणूस शंभरीचा होतो. म्हणजे ज्यांनी ते वचन पहिल्यांदा ऐकलं, त्यातले बहुतेक बाबेलमध्येच मेले. तरीही वचन खरं ठरलं. त्यांच्या नातवंडांनी ते पाहिलं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तर हनन्याच भेटला होता." त्याची ती नोकरी परत आली नाही. आता दुसरीकडे कमी पगारावर आहे, हप्ते चालू आहेत. पण यिर्मया त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, आणि रविवारी पुन्हा यायला लागला.

माझी सवय सांगतो. कार्ड घरी आणलं की त्याच्या मागे काही लिहायच्या आधी तो अख्खा अध्याय वाचायचा, शिवाय आधीचा एक आणि नंतरचा एक. हे बोलणं कोणाला उद्देशून होतं, ते कुठे होते, त्यांनी पुढे काय केलं, एवढं पेन्सिलीने समासात लिहायचं. ते झाल्याशिवाय कार्ड आरशावर लावायचं नाही. आणि तुमच्या आयुष्याच्या तारखा सांगणाऱ्या माणसापासून लांब राहा, तो कितीही गोड प्रार्थना करत असला तरी. मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) मंडळ्यांत नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते, त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने १७५५ मध्ये सुरू केलेली. तिच्यात माणूस देवाला म्हणतो की मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, मी तुझाच आहे. वर्षाची सुरुवात अशा प्रार्थनेने केलेली मला जास्त भावते.

एका वर्षात अख्खं बायबल, तेही उत्पत्तीपासून

आपल्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. ३६५ ने भागलं तर रोजचे सव्वातीन येतात. पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचे ५० आणि दुसऱ्या निर्गमचे ४०, म्हणजे तुम्ही एक दिवसही चुकला नाहीत तर २८ जानेवारीच्या आसपास तिसरं पुस्तक, लेवीय, उघडता. त्याआधीच निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं, पडदे, कड्या सुरू झालेल्या असतात. माणूस दमतो. दोन दिवस वाचायचे राहतात, मग आठवडा. मग एखाद्या रविवारी दुपारी वीस-पंचवीस अध्याय दामटून 'भरून काढायचं' ठरतं, आणि तिथे खेळ संपतो.

भरून काढायचं नाही. हे मी प्रत्येक वर्गात सांगतो आणि प्रत्येक वर्षी कोणीतरी भरून काढायला बसतोच. राहिलेले दिवस राहू द्या, आजच्या तारखेचं वाचा. पण त्याहून बरं म्हणजे नवख्या माणसाने ही शर्यत धरूच नये. मार्कापासून, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानापासून, सुरू करा. १६ अध्याय आहेत. रोज एकच, तोही दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. संपला की लूक, मग प्रेषितांची कृत्ये. संध्याकाळी एक स्तोत्र. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, त्यामुळे ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी तारखेचा अध्याय उघडावा. मी हे करतो आणि कधी अडत नाही.

लेवीय टाळा असं मात्र मी म्हणणार नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायातलीच आहे, आणि येशूने ती तिथूनच घेतली. रोजच्या सव्वातीनच्या हिशेबाने तो अध्याय फेब्रुवारीच्या ३ तारखेला येतो. शर्यतीत पळणारे त्याच्या आठवडाभर आधी गळलेले असतात, म्हणून मला वाईट वाटतं. सावकाश या, पण तिथपर्यंत या. आपलं मराठी शास्त्र घाईने तयार झालेलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, भाषांतर करत राहिल्या. एवढ्या कष्टाने हाती आलेलं पुस्तक पानं उलटून संपवायची आपल्याला कसली गर्दी आहे?

बाकीच्या, थोडक्यात

डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं: बंद करा.

पहाटे चारचा गजर. रात्री बाराला झोपणाऱ्याने साडेसहाला उठून वाचावं, पण रोज.

फोनवर वाचत असाल तर नेट बंद करून वाचा. सकाळचं वचन स्वतः वाचायच्या आधी ग्रुपवर पाठवू नका.

यूट्यूबवरचा संदेश ऐकला म्हणजे शास्त्र वाचलं असं होत नाही.

कुटुंबप्रार्थना पाऊण तासाची करू नका. एक गीत, दहा वचनं, एक छोटी प्रार्थना. वाचन मुलांना करू द्या, अडखळले तरी मध्ये बोलू नका.

फक्त पहिल्या दिवशी येणं

नहेम्या ८, म्हणजे नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय, वाचा. सातव्या महिन्याचा पहिला दिवस, यहुदी ज्या दिवशी नवं वर्ष मानतात तोच. यरुशलेमेत पाणीवेशीसमोर सगळे जमले. एज्रा नावाच्या याजकाने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लेव्यांनी (मंदिराची सेवा करणाऱ्यांनी) लोकांना अर्थ समजावून दिला. लोक रडले. त्यांना सांगितलं गेलं की रडू नका, जा, खा-प्या, आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटा पाठवा. ही झाली त्यांची वॉचनाईट.

दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख, याजक आणि लेवी परत एज्राकडे आले, वचनं नीट समजून घ्यायला. मांडवांच्या सणाची (फांद्यांच्या मांडवांत राहून पाळायच्या सणाची) आज्ञा त्यांना त्या दुसऱ्या दिवशी सापडली. मग मांडव उभे राहिले आणि सणभर रोज वाचन चाललं.

आपल्याकडे ३१ च्या रात्री चर्च भरतं, आणि जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी शास्त्राभ्यासाला मोजकी माणसं असतात. वर्ष टिकवायचं असेल तर त्या बुधवारी जा. तुमच्या मंडळीत वर्ग नसेल तर दोन घरं मिळून बसा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. प्रत्येकाने आपापलं शास्त्र आणि पेन्सिल आणावी. नहेम्या ८ पासूनच सुरू केलंत तरी चालेल.