टायगर बांधायला बसण्याआधी

टायगरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं, प्लॅस्टिक मॉडेल बांधायचंय एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या महिन्यातला टायगर, हे किटचं खोकं उघडण्याआधी ठरवा. पँझर चार या जर्मन रणगाड्याच्या आवृत्त्यांना ए पासून जे पर्यंत अक्षरं आहेत, पॅन्थरला डी, ए, जी आहेत. टायगर १ ला मात्र मार्च १९४३ पासून 'आउस्फ. ई' (म्हणजे ई आवृत्ती) हे एकच नाव होतं. कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून १९४२ च्या उन्हाळ्यापासून ऑगस्ट १९४४ पर्यंत साडेतेराशेच्या आसपास टायगर बाहेर पडले, आणि या दोन वर्षांत त्यांच्यात सतत काही ना काही बदलत गेलं. खोक्यावरचे 'अर्ली', 'मिड', 'लेट' हे शब्द अभ्यासकांनी नंतर सोयीसाठी पाडले आहेत. कारखान्यात क्युपोला (कमांडरने बाहेर पाहायचा छपरावरचा घुमट) एका महिन्यात बदलला, चाकं दुसऱ्याच महिन्यात.

त्यानंतर एका ठरावीक रणगाड्याचा फोटो शोधा. टरेटवरचा (तोफेच्या फिरत्या बुरुजावरचा) क्रमांक वाचता येणारा, शक्यतो दोन्ही बाजूंनी घेतलेला. एक बाजू एका गाडीची आणि दुसरी बाजू दुसऱ्या गाडीची, असं कधी करू नका. फोटोत काय दिसतं हे वहीत लिहा, आणि काय दिसत नाही तेही लिहा. न दिसणाऱ्या भागांसाठीच महिन्याचा आधार लागतो.

पहिली नजर टरेटच्या माथ्यावर. जुलै १९४३ पर्यंत कमांडरचा क्युपोला उंच, पिंपासारखा गोल, बाजूला पाहायच्या अरुंद फटी असलेला होता. त्यानंतर सात पेरिस्कोप असलेला बुटका ओतीव क्युपोला आला. रशियातल्या कुर्स्कची लढाई ५ जुलै १९४३ ला सुरू झाली, म्हणजे कुर्स्कचा टायगर करायचा तर पिंपाचाच क्युपोला हवा. ही एक गोष्ट हुकली की बाकी सगळं काम कितीही सुबक असलं तरी ती गाडी त्या लढाईतली राहत नाही. मी एकदा क्युपोला चिकटवून, रंगवून मग फोटो नीट पाहिला होता. तेव्हापासून क्युपोला शेवटपर्यंत सुटाच ठेवतो.

मग झिमेरिट. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून पोलादावर लावलेला हा खडबडीत लेप ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ पासून कारखान्यातच लागू लागला आणि टायगरचं उत्पादन थांबेपर्यंत लागत राहिला. म्हणजे नवा क्युपोला आहे पण लेप नाही, अशी कोरी गाडी फक्त काही आठवड्यांतली. असा फोटो हाती लागला तर महिना जवळजवळ आपोआप मिळतो. लेप पुट्टीने द्यायचा असेल तर हूक, दोरखंड, अवजारं चिकटवण्याआधी द्या.

चाकांवर सर्वात जास्त वेळ घालवा, कारण चूक दुरुस्त करणं इथेच सर्वात कठीण. फेब्रुवारी १९४४ च्या सुमारापर्यंत रबरी धावांची चाकं होती: एका बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन, म्हणजे चोवीस. पुढे पोलादी धावांची चाकं आली आणि एका आसावर दोनच राहिली, एका बाजूला सोळा. स्प्रूवरची, म्हणजे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरची, चाकं मोजून घ्या. त्याच सुमारास पट्टा ताणून धरणारं मागचं आयडलर चाक ७०० मिमीवरून ६०० मिमीवर आलं. १/३५ मापाच्या मॉडेलवर व्हर्नियर (बारीक मोजपट्टी) लावलात तर २० मिमी आणि जेमतेम १७ मिमी, हा फरक नुसत्या डोळ्यालाही कळतो. पट्ट्यांचंही मोजा. लढाईचा पट्टा ७२५ मिमी, म्हणजे मॉडेलवर सुमारे २१ मिमी; रेल्वेने नेताना लावायचा अरुंद पट्टा ५२० मिमी, म्हणजे सुमारे १५. रबरी चाकांच्या गाडीवर अरुंद पट्टा चढवायचा असेल तर सर्वात बाहेरची चाकं लावायची नाहीत.

तोफेच्या मुळाशी असलेल्या जाड ढालीवर नेमदुर्बिणीची भोकं पाहा. दोन असतील तर गाडी आधीची, एकच असेल तर १९४४ च्या वसंतानंतरची. टरेटच्या दोन्ही अंगांना तीन-तीन धूरनळकांडी दिसली तर ती जून १९४३ च्या आधीची गाडी. मागच्या पत्र्यावरचे फायफेल हवाशुद्धक १९४३ च्या शरदापर्यंतच बसवले जात. किटमध्ये त्यांची भोकं बहुधा आतून अर्धवट पाडलेली असतात, तेव्हा हल (रणगाड्याचा खालचा सांगाडा) जोडण्याआधीच ती उघडायची की बुजवायची ते ठरवा. हेडलाइट आधी दोन होते, मग एक राहिला, आणि तो पुढे मधोमध आला. त्यातही ट्युनिशियातल्या ५०१ व्या बटालियनने ते उतरवून पुढच्या उभ्या पत्र्यावर लावले होते. असे तुकडीचे स्वतःचे फेरफार किटच्या कागदावर सापडतीलच असं नाही.

संग्रहालयातल्या गाडीवर डोळे झाकून विसंबू नका. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला टायगर १३१ एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला आणि सुरुवातीच्या टायगरसाठी तो उत्तम आधार आहे, पण पुनरुज्जीवनाच्या वेळी त्यात मूळ एचएल २१० ऐवजी नंतरचं एचएल २३० इंजिन बसवलं गेलं. नॉर्मंडीत व्हिमुतिएजवळ रस्त्याकडेला वर्षानुवर्षं उभा राहिलेला टायगर पोलादी चाकांसाठी पाहावा; उघड्यावर राहिल्याने त्याचे कित्येक भाग मात्र केव्हाच गेलेत. लढाईच्या काळातही दुरुस्तीला गेलेल्या जुन्या गाड्या नवे भाग घेऊन परतत. महिना एक सांगतो आणि फोटो दुसरं, असं झालं तर फोटोचं ऐका.

रंग महिन्याबरोबरच ठरतो: फेब्रुवारी १९४३ च्या आदेशाआधी साधारणपणे गडद करडा, नंतर गडद पिवळा आणि त्यावर लालसर तपकिरी व हिरवा.

आता स्प्रू बाहेर काढा. लागणाऱ्या भागांवर हिरवी खूण, नको त्यांवर लाल, आणि संशय असेल तिथे काहीच नाही. संशयातले भाग वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवीवर फोटोतल्या गाडीचा क्रमांक लिहा, आणि मगच पहिला भाग कापा.