धंद्यात मूडच लागत नाही, अशा दिवशी काय करायचं

नाशिककडं अंबड, सातपूर, सिन्नर कुठंही जा, छोटा युनिटवाला असो नाहीतर मेनरोडचा दुकानदार, जुलै-ऑगस्टमध्ये भेटला की हेच ऐकू येतं, काय माहीत यार, कामात मनच लागत नाही. बाहेर आठ-आठ दिवस रिपरिप, ऑर्डरी थंड, पेमेंट अडकलेलं, आणि टेबलावर बसलं की हात आपोआप मोबाईलकडं जातो, मग दोन-चार मोटिव्हेशनल व्हिडिओ बघायचे, अर्धा तास छान वाटतं आणि काम जिथल्या तिथं. माझं स्पष्ट म्हणणं आहे, मूड आणायच्या मागं लागूच नका. काम थोडं हललं की मूड मागून येतो. आधी एवढंच शोधा की तुम्ही नेमकं कुठलं काम टाळताय.

"मूड नाही" म्हणतो तेव्हा अख्ख्या धंद्याचा कंटाळा क्वचितच आलेला असतो, एखादंच काम डोक्यावर बसलेलं असतं आणि त्याच्यामुळं बाकीची सोपी कामंही जड वाटतात. कागद घ्या, पेंडिंग असलेलं सगळं लिहून काढा, आणि जे लिहिताना पेन अडखळतं ते काम हेच. आमच्या कोरुगेटेड बॉक्सच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या लाइनमध्ये हे बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: पार्टीला पैशासाठी फोन करायचाय किंवा रिजेक्ट होऊन परत आलेल्या मालाचा विषय काढायचाय. तुमच्या लाइनमध्ये वेगळं असेल पण असणार नक्की.

वसुलीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त मूड यानंच जातो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फोन करू नका, भवानी व्हायच्या आधी पैसे मागितलेले कुणालाच आवडत नाहीत. साडेअकराच्या सुमारास करा. समोर बिल ठेवा, नंबर, तारीख, रक्कम सगळं दिसलं पाहिजे. आणि बोलायचं एवढंच, "नमस्कार शेठ, गेल्या महिन्यातलं १२ तारखेचं बिल आहे, मुदत होऊन गेली, आज टाकताय का मंगळवार धरू?" कसं काय, पाऊस कसाय करत दहा मिनिटं घालवली की आपणच ढिले पडतो. ते म्हणतील बघतो, तर "बघतो" वर फोन ठेवायचा नाही, वार घ्यायचा, आणि लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचं, ठरल्याप्रमाणे मंगळवार. बस. पैसे त्याच दिवशी येतील असं नाही पण डोक्यावरचं ओझं उतरतं हे मात्र नक्की, आणि त्यानंतरचा तास फार चांगला जातो.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असेल तर तुमचं बळ काय आहे ते पण माहीत असू द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना हे मिळत नाही, मॅन्युफॅक्चरिंग आणि सर्व्हिसवाल्यांना मिळतं. जुन्या पार्टीला कायदा दाखवायची गरज पडत नाही सहसा, पण बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापा, अकाउंट्सवाला बरोबर वाचतो.

आता जे काम अवघड नाही पण नुसतं बसवत नाही, त्याचं. समजा कोटेशन द्यायचंय. अख्ख्या कोटेशनचा विचार करूच नका, फाईल उघडा आणि पार्टीचं नाव टाइप करा. मग बॉक्सची लांबी, रुंदी, उंची. थ्री प्लाय का फाईव्ह प्लाय (कागदाचे थर), कागदाचा जीएसएम (वजन) किती, बीएफ (ताकद) किती, नग किती, डिलिव्हरी अंबडलाच का पिंपळगावला. इथपर्यंत आलात की रेट काढल्याशिवाय उठवतच नाही, करून बघा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली यावरच लिहिलंय, की नुसतं "मी हे करीन" ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे चहाचा कप खाली ठेवला की पहिला फोन, कामावरची पोरं जेवायला गेली की टॅलीत हिशोबाच्या एंट्र्या. वेळ-प्रसंग आधीच बांधून टाकला की दरवेळी मनाला विचारत बसावं लागत नाही.

खरंच अगदीच डोकं चालत नसेल त्या दिवशी स्टॉक मोजा, स्टिचिंग वायर, गम किती राहिलाय बघा, बँक स्टेटमेंट जुळवा. जीएसटीचं काढून ठेवा, मंथली रिटर्नवाल्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही रिटर्न आहेतच, चुकलं की रोजची लेट फी. पण अशा दिवशी नवीन रेट फायनल करू नका, लोनचा निर्णय घेऊ नका आणि कामगाराला हिशोब देऊन घरी तर अजिबात पाठवू नका, हे सगळं दोन दिवसांनी केलं तरी चालतं.

सीझनचा भाग वेगळा. नाशिकमध्ये द्राक्षावर चालणारे धंदे किती आहेत, ऑक्टोबर छाटणीनंतर हालचाल सुरू होते आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल श्वास घ्यायला वेळ नसतो. पावसाळ्यात मंदी असणारच, तिला स्वतःचा आळस समजून मनाला लावून घेऊ नका. त्याच दिवसांत मशीनचं मेंटेनन्स, नवीन डाय, एक्सपोर्टरला सॅम्पल दाखवणं उरकून घ्या, कारण गणपती झाले की पुढं कोणाला वेळ नसतो.

आणि एक मनापासून सांगतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरच्यांशी बोलावंसं वाटत नाही असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर वरचं काहीच करत बसू नका, डॉक्टरला भेटा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. धंदेवाला माणूस हे कुणाला सांगत नाही, कारण बाजारात बातमी गेली तर उधारी बंद होईल ही भीती असते. तिथं नाव सांगावं लागत नाही.

बाकी रोजच्यासाठी, शटर ओढायच्या आधी उद्याच्या पहिल्या कामाचा कागद टेबलावर मधोमध ठेवून जा. फोन करायचा असेल तर बिल, कोटेशन असेल तर साइजची चिठ्ठी. एकच ठेवा, पाच ठेवले की सकाळी परत निवड करत बसाल.